महागाई उतरली, पण कोणाच्या पोटावर? अमेरिका १९७९ ते १९८३

आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी संध्याकाळी अभ्यासवर्ग असतो. बँकेच्या परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा तिथे नियमित येतो. परवा महागाईवर बोलणे निघाले तेव्हा तो म्हणाला, "ताई, यात जात कुठे आली? पैसा जास्त झाला आणि वस्तू कमी पडल्या की भाव वाढतात. मग मध्यवर्ती बँक व्याजदर वाढवते आणि भाव ताब्यात येतात. सरळ गणित आहे."

त्याचे काही चुकले नव्हते. पुस्तकात असेच लिहिलेले असते. पण व्याजदर वाढवल्यावर भाव नेमके कसे ताब्यात येतात, मधल्या पायरीवर कोणाचे काय होते, हे पुस्तक एका ओळीत उरकते. हा लेख त्या मधल्या पायरीबद्दल आहे. उदाहरण मुद्दाम अमेरिकेचे घेतले आहे. एक तर "विकसित देश" म्हणून ज्याचे दाखले आपल्याला उठता-बसता दिले जातात तो हा देश. आणि दुसरे, तिथे १९७२ पासून कृष्णवर्णीयांची बेकारी दर महिन्याला वेगळी मोजून जाहीर केली जाते. त्यामुळे धोरणाचा फटका कोणाला बसला, हे तिथे लपवता येत नाही. (जातनिहाय आकड्यांसाठी आपल्याला किती वर्षे भांडावे लागले ते आठवा, म्हणजे आकडे लपवण्यात कोणाचा फायदा असतो ते कळेल.)

सुरुवात मात्र बाबासाहेबांपासून करावी लागेल, कारण हा प्रश्न कसा विचारायचा हे त्यांनीच शिकवले आहे. 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या डी.एस्सी.साठीचा तो प्रबंध. त्यात त्यांनी केन्ससारख्या अर्थतज्ज्ञाच्या मताला आव्हान दिले. पुढे १९२५ च्या डिसेंबरात हिल्टन यंग आयोगासमोर त्यांनी साक्षही दिली. आपल्या कार्यक्रमांत रिझर्व्ह बँकेचे श्रेय कोणाचे यावर तासभर भाषणे होतात, पण त्या ग्रंथातला आपल्या कामाचा मुद्दा क्वचितच सांगितला जातो. मुद्दा असा, की रुपया घसरला, भाव चढले, की मजुरी त्याच वेगाने चढत नाही, ती मागे राहते. व्यापारी आणि निर्यातदार त्याला देशाचा फायदा म्हणतात. बाबासाहेबांनी दाखवले, की हा फायदा बाहेरून येत नाही, तो देशातल्याच एका वर्गाच्या खिशातून दुसऱ्या वर्गाच्या खिशात जातो.

म्हणजे महागाई गरिबाला मारते, हे बाबासाहेबांना मान्य होते. किंमती स्थिर असाव्यात, असेच त्यांचे म्हणणे होते. त्यामुळे "महागाई राहू द्या, रोजगार द्या" असा सोपा नारा देऊन आंबेडकरवादी माणसाला मोकळे होता येत नाही. पण त्यांनी दिलेली कसोटी दोन्ही बाजूंना लागू होते. भाव चढताना कोणाच्या खिशातून कोणाच्या खिशात गेले, हे जसे विचारायचे, तसेच भाव उतरवतानाही विचारायचे.

आता अमेरिका. तिथले भाव चढू लागले ते साठच्या दशकाच्या शेवटी. व्हिएतनामचे युद्ध चालू होते आणि खर्चाच्या मानाने कर उशिरा वाढवले गेले. १५ ऑगस्ट १९७१ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरचा सोन्याशी असलेला संबंध तोडला आणि त्याच भाषणात पगार व किंमती नव्वद दिवसांसाठी गोठवल्याचे जाहीर केले. भांडवलशाहीच्या माहेरघरी सरकारने बाजाराचे भाव बांधून दिले, हे आज कोणी सांगत नाही! पण भाव फार काळ थांबले नाहीत. १९७३ च्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिथल्या गृहिणींनी मटण-मांस न घेण्याचा बहिष्कार पुकारला होता. ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखले आणि तीन डॉलरच्या आसपास असलेले पिंप काही महिन्यांत अकरा डॉलरच्या वर गेले. १९७४ साली महागाईचा दर ११ टक्के झाला. त्यावर अध्यक्ष फोर्ड यांचा उपाय असा, की लोकांनी काटकसर करावी आणि महागाईविरोधी बिल्ले छातीवर लावावेत. बिल्ले वाटले गेले, लोक हसले आणि भाव वाढतच राहिले. त्यात १९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली, तेल पुन्हा भडकले आणि १९८० ची सरासरी महागाई १३.५ टक्क्यांवर गेली.

याच काळात बेकारीही वाढत होती. मे १९७५ मध्ये ती ९ टक्के होती, आणि कृष्णवर्णीयांमध्ये त्याहून कितीतरी जास्त. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी अर्थशास्त्राच्या इतिहासात तळटीपेत जाते. महागाईवर आणि बेकारीवर कृष्णवर्णीय चळवळीकडे स्वतःचा विचार होता, स्वतःचा कायदा होता.

२८ ऑगस्ट १९६३ चा वॉशिंग्टनचा मोर्चा आपण मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणापुरता लक्षात ठेवतो. त्या मोर्च्याचे पूर्ण नाव होते "नोकऱ्या आणि स्वातंत्र्यासाठी वॉशिंग्टनवर मोर्चा". नोकऱ्या आधी, स्वातंत्र्य नंतर. मोर्च्याच्या मागण्यांत तासाला दोन डॉलर किमान वेतन होते, जेव्हा प्रत्यक्षातले किमान वेतन सव्वा डॉलरच्याही आत होते. सर्व बेकारांना काम देण्याची सरकारी योजनाही त्यात होती. १९६८ मध्ये किंग यांची हत्या झाली ती मेम्फिसमध्ये. तिथे ते गेले होते सफाई कामगारांच्या संपासाठी. ही गोष्ट आपल्या लोकांना वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

त्यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग यांनी पुढे पूर्ण रोजगाराच्या मागणीसाठी देशभर आघाडी उभी केली. आणि लॉस एंजेलिसचे कृष्णवर्णीय खासदार ऑगस्टस हॉकिन्स यांनी १९७४ साली विधेयक आणले. १९६५ साली जिथे दंगल पेटली ती वॉट्सची वस्ती त्यांच्याच मतदारसंघात होती. विधेयकाचे मूळ रूप धाडसी होते. काम मागणाऱ्या प्रत्येक प्रौढाला काम मिळण्याचा हक्क. कुठेच मिळाले नाही तर सरकारने द्यायचे. आणि सरकारने दिले नाही तर त्या माणसाला न्यायालयात जाता येईल.

विरोधकांचा मुख्य आक्षेप एकच होता : महागाई वाढेल. हा आक्षेप अगदी पोकळ नव्हता, पण तो विधेयकाला चार वर्षे कातरत राहिला. आधी न्यायालयात जाण्याचा हक्क गेला. मग सरकारची सक्ती गेली. २७ ऑक्टोबर १९७८ रोजी अध्यक्ष कार्टर यांनी सही केली तेव्हा हम्फ्री-हॉकिन्स कायद्यात उरली होती फक्त उद्दिष्टे. १९८३ पर्यंत बेकारी ४ टक्क्यांवर आणायची आणि महागाई ३ टक्क्यांवर. एक महत्त्वाचे वाक्य मात्र हॉकिन्स यांच्या बाजूने वाचले : महागाई कमी करण्याची धोरणे अशी आखावीत, की बेकारी कमी करण्याच्या उद्दिष्टाच्या आड ती येणार नाहीत.

या कायद्याला वर्षही पूर्ण झाले नव्हते, तोच पॉल व्होल्कर आले.

ऑगस्ट १९७९ मध्ये कार्टर यांनीच त्यांना फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष नेमले. ६ ऑक्टोबरला, शनिवारी संध्याकाळी, त्यांनी जाहीर केले, की यापुढे बँक पैशाच्या पुरवठ्याला लगाम घालेल, व्याजदर मग कुठेही जावोत. काही दिवसांनी संसदेच्या समितीपुढे त्यांनी स्पष्टच सांगितले, की सरासरी अमेरिकन माणसाचे राहणीमान खाली यावे लागेल. सरासरी माणूस! समाजशास्त्र शिकताना मी एक गोष्ट शिकले, की सरासरी माणूस नावाचा माणूस कुठल्याच घरात राहत नाही.

बँकांनी एकमेकींना एका रात्रीसाठी द्यायच्या पैशाचा दर २० टक्क्यांच्या घरात गेला. घरकर्ज ऑक्टोबर १९८१ मध्ये १८ टक्क्यांच्या वर होते. आता मधली पायरी बघा. घरकर्ज १८ टक्के म्हणजे घर कोणी घेत नाही. घर बांधले जात नाही म्हणजे गवंडी, सुतार, रंगारी घरी बसतो. मोटार हप्त्यावर घेतली जाते, हप्ता परवडत नाही म्हणून मोटार खपत नाही, म्हणून डेट्रॉइटचा कारखाना पाळी बंद करतो. मोटार नाही म्हणून पोलाद लागत नाही, म्हणून गॅरी शहरातली भट्टी थंड होते. ज्याचे काम गेले तो खरेदी करत नाही. ज्याचे राहिले तो पगारवाढ मागायला घाबरतो. तेव्हा कुठे दुकानदार भाव वाढवायचा थांबतो. व्याजदराने भाव "ताब्यात येतात" ते असे. बेकारी हा या औषधाचा दुष्परिणाम नाही, औषध काम करते तेच तिच्यामार्फत.

यात वर्ण कुठे आला? फेडरल रिझर्व्हच्या कुठल्याही ठरावात कृष्णवर्णीय हा शब्द नव्हता. व्होल्कर वर्णद्वेष्टे होते असेही मी म्हणत नाही, तसे म्हणायला आधार नाही. पण कारखान्यांतला नियम होता ज्येष्ठतेचा. शेवटी कामाला लागला तो आधी बाहेर. दिसायला किती न्याय्य नियम! पण पोलाद आणि मोटार कारखान्यांतल्या चांगल्या जागा कृष्णवर्णीयांना खुल्या व्हायला लागल्या त्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर, त्याही कोर्टकज्जे करून. म्हणजे यादीत सर्वांत शेवटी नाव कोणाचे असणार? ज्यांना पिढ्यानपिढ्या दारात उभे केले, ते आत आल्यावर पाच-दहा वर्षांत "सर्वांत नवीन" म्हणून पहिले बाहेर काढले गेले. अन्याय चालू ठेवायला प्रत्येक वेळी अन्याय करणारा माणूस लागत नाही. जुन्या अन्यायावर एक तटस्थ नियम ठेवून दिला की पुरते. अनुशेष, सेवाज्येष्ठता आणि पदोन्नती यांचे वाद ज्यांनी जवळून पाहिले आहेत त्यांना हे यंत्र ओळखीचे वाटेल.

बेकारी १९८२ च्या शेवटी १०.८ टक्क्यांवर पोचली, महामंदीनंतरची सर्वांत जास्त. कृष्णवर्णीयांमध्ये जानेवारी १९८३ मध्ये ती होती २१.२ टक्के. दर पाच कामकरी माणसांत एकाहून जास्त बेकार. ज्यांनी कंटाळून काम शोधणेच सोडले, ते यात धरलेलेही नाहीत.

निषेध झाले. शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर आणून वॉशिंग्टनमधल्या फेडरल रिझर्व्हच्या इमारतीला घेरले. घरे बांधणाऱ्यांनी लाकडाचे तुकडे टपालाने व्होल्कर यांना पाठवले. मोटार विक्रेत्यांनी न खपलेल्या मोटारींच्या किल्ल्या शवपेटीत घालून पाठवल्या. या गोष्टी आजही गमतीने सांगितल्या जातात. पण ज्याच्याकडे ट्रॅक्टर नव्हता, लाकूड नव्हते, मोटारीची किल्लीही नव्हती, त्याने काय पाठवायचे होते?

फेडरल रिझर्व्हच्या मंडळावर तेव्हा एक कृष्णवर्णीय सदस्य होते, एमेट राइस, जून १९७९ पासून. विद्वान माणूस. त्यांच्या असण्याने धोरणाची दिशा बदलली नाही. "आपला एक माणूस तिथे बसला आहे" एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. प्रतिनिधित्व हवेच. पण मागे संघटित दबाव नसेल तर प्रतिनिधी बैठकीचा सदस्य होऊन राहतो.

ऑगस्ट १९८१ मध्ये विमान वाहतूक नियंत्रकांनी संप केला. अध्यक्ष रेगन यांनी अकरा हजारांहून जास्त लोकांना कामावरून काढून टाकले. व्होल्कर यांनी पुढे स्वतःच सांगितले, की महागाईविरुद्धच्या लढाईत सरकारची सर्वांत महत्त्वाची मदत कोणती झाली असेल तर हा संप मोडणे. एवढे प्रामाणिक वाक्य अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही. किमान वेतन जानेवारी १९८१ मध्ये तासाला ३.३५ डॉलर झाले आणि एप्रिल १९९० पर्यंत तिथेच राहिले. या नऊ वर्षांत भाव काही थांबले नव्हते, फक्त सावकाश चढत होते. महागाईचा दर उतरला म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या असे नसते, हे वर्गात मला दरवेळी सांगावे लागते. आणि ज्यांच्याकडे पैसा होता त्यांचे काय? १९८१ मध्ये सरकारी रोखे पंधरा टक्के व्याज देत होते. नुसते बसून पंधरा टक्के.

आता १९८३ चा हिशेब मांडू. कायद्याचे महागाईचे उद्दिष्ट होते ३ टक्के, प्रत्यक्षात झाली ३.२. जवळपास तंतोतंत. बेकारीचे उद्दिष्ट होते ४ टक्के. वर्षाची सरासरी राहिली ९.६, आणि तीही गोऱ्यांसाठी ८.४, कृष्णवर्णीयांसाठी १९.५. एकाच कायद्याची दोन उद्दिष्टे होती. एक अग्रक्रमाने पाळले गेले. दुसऱ्याचे नावही कोणी काढले नाही.

यावर उत्तर येते, की मग काय करायला हवे होते? १३ टक्के महागाईत गरीब जगला असता का? प्रश्न रास्त आहे. निक्सन यांनी भाव बांधून पाहिले, ते टिकले नाहीत. हॉकिन्स यांच्या मूळ विधेयकाने महागाई आटोक्यात आली असती असा दावाही मी करणार नाही. काहीतरी कठोर करावे लागले असते, हे मला मान्य आहे. पण कठोर उपाय एकच असतो का? श्रीमंतांवर कर वाढवणे हाही मागणी कमी करण्याचाच उपाय आहे. रेगन यांनी १९८१ मध्ये नेमके उलट केले, व्याजाचा फास आवळलेला असताना वरच्या थरातल्या लोकांचे कर कमी केले. काम गेलेल्यांना सरकारी कामावर घेता आले असते, तर तेव्हाच सरकारी रोजगाराच्या योजना गुंडाळल्या गेल्या. तेव्हा "दुसरा मार्ग नव्हता" हे म्हणणे खोटे आहे. मार्ग निवडला गेला, आणि निवडताना त्यावर चालणारे लोक खोलीत नव्हते.

चाळीस वर्षांनी हाच खेळ पुन्हा मांडला गेला. करोनानंतर पुरवठ्याच्या साखळ्या तुटल्या होत्या, रशियाने युक्रेनवर हल्ला केला, इंधन भडकले. जून २०२२ मध्ये अमेरिकेची महागाई ९.१ टक्के, ऑक्टोबरात ब्रिटनची ११.१ टक्के. ब्रिटनमध्ये सर्वसाधारण घराच्या वीज-गॅसच्या वार्षिक बिलाची कमाल पातळी १,२७७ पौंडांवरून वर्षभरात ३,५४९ पौंडांवर जाणार असे जाहीर झाले, तेव्हा सरकारला मधे पडून ती २,५०० वर रोखावी लागली. खाण्याच्या वस्तूंची महागाई मार्च २०२३ मध्ये १९ टक्क्यांच्या वर होती. आपली जी मुले शिष्यवृत्तीवर तिकडे शिकत होती त्यांनी हे अनुभवले आहे, कारण निर्वाह भत्ता ठरलेला असतो आणि खोलीचे भाडे ठरलेले नसते.

यावर बँक ऑफ इंग्लंडच्या गव्हर्नरांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये काय सुचवले? कामगारांनी मोठी पगारवाढ मागू नये. स्वतः त्यांचे वेतन वर्षाला पाच लाख पौंडांहून जास्त. त्याच वर्षीच्या डिसेंबरात परिचारिका संपावर गेल्या. अमेरिकेत माजी अर्थमंत्री लॅरी समर्स यांनी जून २०२२ मध्ये हिशेब मांडला, की महागाई उतरवायला पाच वर्षे ५ टक्क्यांहून अधिक बेकारी लागेल, किंवा एक वर्ष १० टक्के. म्हणजे पुन्हा तेच औषध, तोच रुग्ण.

झाले काय? व्याजदर शून्याजवळून सव्वापाच टक्क्यांच्या वर नेले गेले, हे खरे. पण जून २०२३ पर्यंत महागाई ३ टक्क्यांवर आली आणि बेकारी ४ टक्क्यांच्या आतच राहिली. एप्रिल २०२३ मध्ये कृष्णवर्णीयांची बेकारी ५ टक्क्यांच्याही खाली गेली, मोजणी सुरू झाल्यापासूनची सर्वांत कमी. गोऱ्यांपेक्षा तेव्हाही ती जास्तच होती. ही महागाई सत्तरच्या दशकासारखी मुरलेली नव्हती, तेल खाली आले, साखळ्या जुळल्या, ही कारणे आहेतच आणि त्यांवर वाद चालू आहे. पण लाखो लोकांना घरी बसवल्याशिवाय महागाई उतरत नाही, हा निसर्गनियम असल्यासारखा सांगितला जात होता, तो निसर्गनियम नाही एवढे तरी डोळ्यांसमोर दिसले.

१९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी बेकार माणसाबद्दल लिहिले आहे. त्यांचे म्हणणे असे, की ज्याच्यापुढे उपासमार उभी आहे त्याला मूलभूत हक्कांचा काय उपयोग ते विचारा. कामाचे तास ठरलेले नाहीत, संघटनेत जायची परवानगी नाही, अशी नोकरी पुढे आली तरी तो ती घेईल आणि हक्क सोडून देईल. विमान नियंत्रकांचा संप मोडल्यावर अमेरिकेतल्या कामगाराने नेमके हेच केले. मतदानाचा हक्क १९६५ मध्ये मिळाला होता, तो कोणी काढून घेतला नाही. फक्त मालकापुढे बोलायची हिंमत व्याजदराने काढून घेतली.

पुढच्या रविवारी त्या मुलाला मी एक गोष्ट शोधून आणायला सांगितली आहे. फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष वर्षातून दोनदा अमेरिकन संसदेपुढे साक्ष द्यायला जातात. त्या दिवशी जगभरचे शेअर बाजार कान टवकारून बसतात, आपल्याकडच्या वाहिन्याही ती थेट दाखवतात. ती साक्ष सुरू झाली ती १९७८ च्या त्याच कायद्याने, आणि अजूनही तिला हम्फ्री-हॉकिन्स साक्ष म्हणतात. वॉट्सच्या बेकारांसाठी लिहायला घेतलेल्या विधेयकातले एवढेच काय ते आज नियमाने पाळले जाते.